पाठीवरचे पाणी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने पदभ्रमण उपक्रमाविषयी लेख मागितला, तेव्हा आम्हां शिक्षकांपुढे दोन मार्ग होते. आपल्या वसतिगृहातील मुले-मुली आजवर कोणत्या घाटांनी चढली आणि कोणती लेणी पाहून आली, याची जंत्री देणे हा पहिला. ती जंत्री वार्षिक अहवालांत सापडते. ती पुन्हा छापण्यात कोणालाच फारसे स्वारस्य नसावे. या साऱ्या वाटचालीत ज्या एका गोष्टीने आम्हांला सर्वांत जास्त शिकविले आणि एकदा चांगलेच घाबरविले, तिच्याविषयी सविस्तर लिहिणे हा दुसरा. ती गोष्ट म्हणजे पिण्याचे पाणी. ते किती घ्यावे, पाठपिशवीत कोठे ठेवावे, केव्हा प्यावे आणि संपल्यावर कोठून आणावे, एवढाच हा विषय. तो किरकोळ वाटेल. आम्हांलाही तो तसाच वाटत असे.

काही वर्षांपूर्वी सहामाही परीक्षा संपल्यावर आम्ही मुलांना घेऊन नाणेघाटास निघालो. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाच्या बाजूने चढायचे, वरचे लेणे पाहायचे आणि घाटघरला जाऊन जुन्नरची गाडी धरायची, असा बेत होता. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडून जुन्नरकडे जाणारी ही सातवाहनकाळातील व्यापारी वाट. घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे. मुले उत्साहात होती. पायथ्याशी रांगेसमोर उभे राहून आम्ही नेहमीच्या सूचना दिल्या. रांग मोडू नका, कचरा टाकू नका, पाणी जपून वापरा.

निघण्यास उशीर झाला होता. ऑक्टोबरचे ऊन, पाऊस नुकताच सरलेला, जमिनीतून वाफ येत असलेली, वारा पडलेला. अकराच्या सुमारास शेवटच्या कातळटप्प्याखाली आठवीतील एक मुलगा रांगेतून बाजूला झाला आणि दगडावर बसला. चेहरा पांढराफटक, अंग घामाने गार, पोटऱ्यांत गोळे आलेले. दोनदा उलटी झाली. त्याला झाडाखाली निजवून पाय उंचावर ठेवले, मानेवर व कपाळावर ओले फडके ठेवले आणि मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजले. पाऊण तासाने त्याला तरतरी आली. मध्यंतरी, त्याच्याजवळ पाणी आहे का हे पाहण्यासाठी आम्ही त्याची पिशवी उघडली. अगदी तळाशी, चादरीच्या घडीखाली, लिटरभर पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. एक काठोकाठ भरलेली. दुसरीतून जेमतेम चार घोट कमी झालेले.

संध्याकाळी आम्ही त्याला विचारले, "अरे, पाणी जवळ असून प्यायला का नाहीस?" तो म्हणाला, "सर, तुम्हीच म्हणालात ना जपून वापरा. पुढं लागलं असतं तर?"

त्याचे गाव मराठवाड्यातील, उन्हाळ्याचे चार महिने टँकरवर जगणारे. पाणी जपणे म्हणजे काय, हे त्या घरातील मुलास शिकविण्याची आमची पात्रता नाही. त्याने आमची सूचना आमच्यापेक्षा अधिक गांभीर्याने घेतली एवढेच. दोन किलो पाणी पाठीवर वाहत तो पाण्यावाचून खाली बसला, आणि याला कारण आमचे एक वाक्य होते. त्या दिवसापासून ते वाक्य आम्ही उच्चारलेले नाही.

तहानेचे गणित आम्ही त्यानंतर नीट समजून घेतले. चालताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिचा फार तर चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो; उरलेली उष्णता होते. ही उष्णता बाहेर टाकण्याचे उन्हाळ्यातील मुख्य साधन म्हणजे घाम. माठातील पाणी ज्या न्यायाने गार होते, त्याच न्यायाने आपले अंग गार राहते. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता आपल्याबरोबर नेतो. मात्र 'वाळला तर' ही यातील खरी अट आहे. पावसाळ्यात माठ गार होत नाही, हे घरोघरी ठाऊक असते. कोकणच्या बाजूच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. आणि ओघळलेला घाम अंगातील पाणी तर नेतो, पण उष्णता तशीच ठेवून जातो. म्हणूनच ऑक्टोबरातील घाटाखालची चढण ही डिसेंबरातील त्याच चढणीपेक्षा वेगळी गोष्ट आहे. नकाशावर दोन्ही सारख्या दिसतात.

चढावर तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. वजनाच्या दोन टक्के इतके पाणी शरीरातून गेले, की थकवा लवकर येऊ लागतो आणि लक्ष विचलित होते. चाळीस किलो वजनाच्या मुलाच्या बाबतीत हे पाणी ८०० मिलिलिटर भरते, म्हणजे एक-दीड तासाची चढण. घसरड्या कातळावर पाय ठेवताना लक्ष विचलित होणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. तहान ही सूचना देते खरी, पण गप्पांच्या आणि पुढे जाण्याच्या नादात मुले ती सहज दुर्लक्षित करतात. मोठेही करतात, आम्हीही त्यांतलेच.

मग किती पाणी घ्यावे? आमचा आजचा हिशेब साधा आहे. थंडीच्या दिवसांत चालण्याच्या प्रत्येक तासाला अर्धा लिटर. ऑक्टोबरात आणि फेब्रुवारीनंतर पाऊण लिटर. आणि या सर्वांवर अर्धा लिटर राखीव. वैशाखऱ्याहून नाणेघाट मुलांच्या चालीने तीन तासांचा धरला, तर थंडीत दोन लिटर आणि उन्हात पावणेतीन लिटर होतात. वाटेत खात्रीचे पाणी असेल तर हा आकडा कमी करता येतो. पण 'खात्रीचे' याचा अर्थ त्या महिन्यात, त्या आठवड्यात कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेले. ऑगस्टात वाहणारा ओढा पाहून मार्चच्या सहलीचा हिशेब मांडणाऱ्यांनी आपली फजिती स्वतःच ओढवून घेतलेली असते.

पाण्याचा एक फार मोठा दुर्गुण असा, की ते हलके करता येत नाही. अन्न वाळवून हलके होते, अंथरूण पातळ घेता येते. लिटरभर पाणी मात्र एक किलोच भरते. २०२० च्या दप्तर धोरणात शाळेच्या दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असे म्हटले आहे. आम्ही डोंगरात त्याहून थोडी सवलत घेतो, पण १५ टक्क्यांच्या पुढे जाऊ देत नाही. चाळीस किलोच्या मुलास एकंदर सहा किलो. त्यांतील पावणेतीन किलो पाण्याचे गेले, की उरलेल्या सव्वातीन किलोत पिशवीचे स्वतःचे वजन, चादर, डबा, एक जोड कपडे आणि विजेरी बसवावी लागते. बसते. आदल्या रात्री प्रत्येक पिशवी काट्यावर ठेवून पाहिली, की काय काढून टाकायचे हे मुले स्वतःच ठरवितात. दोन जोड जास्तीचे कपडे आणि शाम्पूच्या बाटल्या तेव्हा निमूट बाहेर येतात. पाणी कधीच बाहेर काढायचे नाही, एवढा एकच नियम आमचा.

हे वजन पिशवीत कोठे असावे, याविषयी गिर्यारोहणाच्या पुस्तकांत आकृत्या असतात. आमच्या मुलांना ते आकृतीवाचूनच समजते, कारण त्यांतील बहुतेकांनी आईला हंडा वाहताना पाहिले आहे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, त्यावर कळशी. आणि सारा भार मानेतून कण्याच्या सरळ रेषेत खाली उतरतो. म्हणून ती माउली ताठ चालते. तोच हंडा दोन्ही हातांनी पुढे धरून चालायला सांगितले, तर पन्नास पावलांत कंबर धरेल. पाठपिशवीचा नियम हाच आहे. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या मध्ये, कण्याच्या शक्य तितक्या जवळ. पाणी पिशवीच्या बाहेरच्या बाजूला, पाठीपासून दूर ठेवले, तर पिशवी मागे ओढते आणि मूल पुढे वाकून चालू लागते. तळाशी ठेवले तर पट्टे खांद्यांत रुततात. एकाच बाजूच्या कप्प्यात ठेवले तर दोन तासांनी एक खांदा दुखतो, आणि अरुंद वाटेवर तोल दरीच्या बाजूस जातो.

एवढ्यावरून पाणी पाठीशी मधोमध ठेवावे, असा निष्कर्ष निघतो, आणि तोलाच्या दृष्टीने तो बरोबरही आहे. पण आमच्या त्या आठवीतील मुलाच्या पिशवीने दुसरी बाजू दाखविली. जे पाणी काढण्यासाठी थांबावे लागते, पिशवी उतरवावी लागते, चादर उपसावी लागते, ते पाणी प्यायले जात नाही. मागून रांग येत असते. आपल्यामुळे सर्वांचा खोळंबा होईल, या संकोचाने मूल पुढे चालत राहते. म्हणून आम्ही पाण्याचे दोन भाग केले. राखीव आणि नंतरचे पाणी पाठीशी, मधोमध, उभे; आणि चालू पाणी अर्ध्या लिटरच्या दोन लहान बाटल्यांत, पिशवीच्या दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत एकेक. हात मागे नेला की बाटली हाती आली पाहिजे. ज्यांच्या पिशवीला बाजूचे कप्पे नाहीत, त्यांच्यासाठी आमच्या शिवणवर्गाने जुन्या जीन्सच्या कापडाचे कप्पे शिवून दिले. ते दिसायला ओबडधोबड आहेत, पण चार वर्षे टिकले आहेत.

लिटरच्या एका बाटलीऐवजी अर्ध्या लिटरच्या दोन, यालाही कारण आहे. एक फुटली वा दरीत गेली तरी दुसरी उरते. दोन्ही बाजूंचा तोल सांभाळता येतो. शिवाय किती प्यायलो आणि किती उरले, हे बाटल्या मोजून कळते. बाटली पूर्ण भरावी, अर्धवट भरलेली बाटली चालताना हिंदकळते आणि त्या हिंदकळण्याने तोल किंचित सतत ढळत राहतो. पाणी हिंदकळू नये म्हणून हंड्यात पानांची डहाळी टाकणाऱ्या बायका आम्ही खेडोपाडी पाहिल्या आहेत, शास्त्र तेच.

बाटली कशाची असावी, यावर शिक्षकांच्या खोलीत बरेच वाद झाले आहेत. पाणी गार ठेवणारी दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली मोहक असते, पण लिटरची बाटली रिकामीच अर्ध्या किलोच्या घरात जाते. पूर्वी कॅनव्हासची छागल मिळे. मोटारीच्या पुढे, बैलगाडीच्या दांडीला ती लटकत असे आणि कापडातून झिरपणाऱ्या पाण्याच्या बाष्पीभवनाने आतले पाणी गार राही. पाठीवर तिचा उपयोग नाही, कारण पाठ आणि चादर दोन्ही भिजतात. आमच्या मते जाड प्लास्टिकची, रुंद तोंडाची, आतून हात वा ब्रश घालून घासता येईल अशी साधी बाटली पुरेशी आहे. बूच घट्ट बसते की नाही, हे बाटली रात्रभर उलटी ठेवून पाहावे. वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवली, की सकाळी निकाल हाती येतो.

अलीकडे नळी असलेली पाण्याची मऊ पिशवी वापरली जाते. तिला ब्लॅडर म्हणतात. तिचा जन्मही उन्हातच झाला. १९८९ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात मायकेल आयडसन नावाच्या रुग्णवाहिका सेवकाने कडक उन्हातील शंभर मैलांच्या सायकल फेरीसाठी सलाईनची पिशवी पाण्याने भरून मोज्यात घातली, ती पाठीवर बांधली आणि तिची नळी खांद्यावरून पुढे घेतली. पुढे त्यातून कॅमलबॅक हा उद्योग उभा राहिला. या साधनाचा गुण एकच आणि तो मोठा आहे. भार कण्याजवळ राहतो आणि तरीही तोंडाशी पाणी मिळते. न थांबता दर काही मिनिटांनी घोट घेता येतो. दोष असे, की आत किती उरले हे दिसत नाही, काटा लागला तर सारेच पाणी जाते, आणि नळी आतून स्वच्छ करणे अतिशय कटकटीचे असते. एका हितचिंतकांनी आम्हांला असे चार ब्लॅडर भेट दिले होते. पहिल्या सहलीनंतर ते ओलेच कपाटात गेले. दोन महिन्यांनी काढले तेव्हा नळ्यांत काळी बुरशी धरली होती. देणाऱ्यांचा यात काही दोष नाही. पण पाणी न पिण्याची सवय तशीच ठेवून महागडी साधने आणणे म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला, हे मात्र त्या कपाटाने आम्हांला पटवून दिले.

खरा बदल साधनाने झाला नाही, थांब्याने झाला. आता दर वीस मिनिटांनी शिट्टी वाजते. सर्व रांग जागच्या जागी थांबते आणि प्रत्येकजण चार-पाच घोट पितो. कोणालाही तहान आहे का, असे विचारले जात नाही. कोणाचा खोळंबा होत नाही, कारण सगळेच थांबलेले असतात. एका दमात अर्धा लिटर ढोसण्यापेक्षा असे थोडे थोडे पिणे पोटाला सोसते. निघण्यापूर्वी, बाटल्या भरायच्या आधी, प्रत्येकाने पेलाभर पाणी पिऊन घ्यायचे. पोटातील पाण्याचे ओझे खांद्यावर येत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते, कारण ती बोलली जात नाही. आमच्या लक्षात आले, की मुली थांब्यावर बाटली तोंडाशी नेतात, पण पीत नाहीत. आमच्या सहकारी शिक्षिकांनी विचारल्यावर कारण कळले. वाटेत लघवीला जाण्याची सोय नसते. म्हणून सकाळपासून पाणीच घ्यायचे नाही, ही युक्ती त्यांनी आपापसांत ठरविली होती. बऱ्याचजणी शाळेच्या सहलींतही लहानपणापासून तेच करीत आल्या होत्या. आता दर दीड तासाने मुलींची तुकडी शिक्षिकेसह आधी पुढे जाते, आडोशाची जागा आणि धरायला दोन चादरी ठरलेल्या असतात, आणि तोवर मुलगे खालीच थांबतात. ही व्यवस्था केल्यापासून मुलींच्या बाटल्या रिकाम्या होऊ लागल्या. पाणी किती घ्यावे याचे कोष्टक आम्ही आधी तयार केले होते. त्यापूर्वी चादरींचा विचार करावयास हवा होता.

पुरेसे पाणी पोटात जाते आहे की नाही, हे लघवीच्या रंगावरून ओळखता येते. फिकट पिवळा असेल तर ठीक. गडद, चहासारखा असेल तर पाणी कमी पडते आहे. हे सांगताना वर्गात हशा पिकतो. पिकू द्यावा, लक्षात तरी राहते.

उलट बाजूही आहे. केवळ पाणीच पाणी पीत राहणे हेदेखील धोक्याचे असते. घामाबरोबर मीठ जाते. त्याच्या जागी नुसते पाणी भरत गेले तर रक्तातील सोडियमचे प्रमाण घटते, आणि डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपणा अशी लक्षणे दिसतात. ती पाणी कमी पडल्याच्या लक्षणांसारखीच असल्याने पाहणारा आणखी पाणी पाजतो. म्हणून तासाला लिटरभराहून अधिक पाणी पिऊ नये आणि बरोबर काहीतरी खारट खावे. भाजलेले शेंगदाणे व मीठ, चटणी-भाकरी, लिंबाच्या फोडी हे पदार्थ आम्हांला विकतच्या रंगीत पेयांपेक्षा अधिक भरवशाचे वाटतात.

क्षारसंजीवनीची पाकिटे मात्र प्रत्येक गटप्रमुखाजवळ असतातच. लहान आतड्यात साखरेच्या जोडीने मीठ आत शोषले जाते आणि त्यामागोमाग पाणी जाते, या साध्या तत्त्वावर हे द्रावण आधारलेले आहे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे द्रावण पिंपांत कालवून लोकांना पाजले व असंख्य जीव वाचविले. घरगुती प्रमाण असे, की एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पाकीट असेल तर ते पाकिटावर लिहिल्याइतक्याच पाण्यात संपूर्ण टाकावे, कमी पाण्यात दाट करू नये. अंगाला हात लावल्यास चटका बसेल इतके ते तापले असेल, मूल असंबद्ध बोलू लागले असेल वा शुद्ध हरपत असेल, तर तो उष्माघात समजावा. तेथे पाणी पाजत बसू नये. बेशुद्धाच्या तोंडात तर पाणी मुळीच घालू नये. कपडे सैल करून, अंग भिजवून, वारा घालून ताप उतरवावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पाठीवरच्या पाण्याचा अशा वेळी हाच उपयोग असतो, अंगावर ओतण्याचा.

लांबच्या वाटेवर सर्व पाणी पाठीवर नेता येत नाही. ते वाटेत भरावेच लागते. सह्याद्रीत या बाबतीत आपले भाग्य थोर आहे. डोंगर कोरणाऱ्यांनी निवाऱ्याबरोबर पाण्याचीही सोय केली. कान्हेरीच्या लेण्यांत प्रत्येक विहाराशेजारी कातळात खोदलेली टाकी दिसतात. शिलालेखांतील त्यांचे नाव 'पोढी'. लेणे कोरून देणाऱ्यांप्रमाणे पोढी दान करणाऱ्यांचीही नावे दगडात कोरलेली आहेत. नाणेघाटातही सोपाऱ्याच्या गोविंददास नावाच्या माणसाने पोढी दिल्याचा लेख आहे. घाट चढून घसा कोरडा पडलेला असताना तो लेख मुलांना दाखविला, तर इतिहासाच्या तासाची गरज उरत नाही.

मात्र टाक्यातील पाणी आज जसेच्या तसे पिऊ नये. आधी चौपदरी सुती कापडातून गाळावे. मग खळखळून एक मिनिट उकळावे, किंवा क्लोरीनची गोळी पाकिटावरील प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात क्लोरीनचे बळ वाया जाते, म्हणून गाळणे आधी. नुसत्या गाळण्याने जंतू मरत नाहीत, पण त्याला कमी लेखू नये. ज्या नारूने आपल्या आजोबा-पणजोबांचे पाय सडविले, त्याचा मार्ग पाणी कापडातून गाळून पिण्याने अडविला. फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. त्यावर लस वा औषध निघाले म्हणून नव्हे.

पाणी गाळण्याचे हे कापड आपल्या परंपरेत फार जुने आहे. भिक्खूच्या आठ परिष्कारांत, म्हणजे त्याच्या एवढ्याशा मालमत्तेत, तीन चीवरे, पात्र, वस्तरा, सुई आणि कंबरपट्टा यांच्याबरोबर 'परिस्सावन', म्हणजे पाणी गाळण्याचे कापड, येते. पाण्यातील सूक्ष्म जिवांची हिंसा होऊ नये, हा त्याचा हेतू. त्याविषयी विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. दोन भिक्खू कोसल देशातून प्रवास करीत होते. एकाच्या गैरवर्तनाबद्दल दुसऱ्याने त्यास टोकले, आणि पहिल्याने मनात राग धरला. पुढे टोकणाऱ्यास तहान लागली. गाळणे रागावलेल्याजवळ होते. त्याने ते मागितले असता दिले नाही, आणि तो तहानेने मेला. ही हकीकत कानी आल्यावर भगवंतांनी नियम घालून दिला, की प्रवासात गाळणे मागणाऱ्यास नकार देऊ नये, गाळण्यावाचून वाटेस लागू नये, आणि गाळणे नसेलच तर चीवराच्या टोकातून पाणी गाळून प्यावे. त्या वाटेवर पाणी होते, ही गोष्ट आम्हांला विचार करण्यासारखी वाटते.

आमच्या पदभ्रमणातही भांडणे होतात. आदल्या रात्री अंथरुणावरून अबोला धरलेली दोन मुले सकाळी रांगेत मागेपुढे येतात. राखीव पाणी कोणाच्या पाठीवर आहे यावर ते कोणाला मिळेल हे ठरू नये, म्हणून राखीव अर्धा लिटर प्रत्येकाच्या पिशवीत असले तरी ते गटाचे समजले जाते. त्या बाटल्यांना निळी फीत बांधलेली असते. मागणाऱ्याने कारण सांगावयाचे नाही. देणाऱ्याने विचारावयाचे नाही.

एकमेकांच्या बाटलीने पिताना तोंड लावू नये, वरून धार धरावी, हे आरोग्याच्या दृष्टीने योग्यच आहे, विशेषतः सर्दी-तापाच्या दिवसांत. परंतु ही सूचना देताना आम्ही शब्द जपून वापरतो. वरून ओतलेले पाणी ओंजळीत झेलून पिण्याची सक्ती ज्यांच्यावर झाली, अशी माणसे आमच्या मुलांच्या घरांत अजून आहेत; आमच्याही आहेत. एकदा पालकसभेत एका आजोबांनी 'पोरं एकाच बाटलीनं पितात ना?' असे मुद्दाम विचारले होते. पितात, असे आम्ही सांगितले. सर्दीचे कारण त्या वेळी सांगितले नाही. आता प्रत्येक गटाजवळ तीन स्टीलचे पेले असतात. पेल्याने पिऊन, विसळून पुढच्याच्या हाती द्यायचा.

नाणेघाटाची वाट आम्ही त्यानंतर चार वेळा चढलो. आता पहाटे साडेपाचला पायथा सोडतो आणि ऊन चढण्यापूर्वी कातळटप्पा ओलांडलेला असतो. वर पोहोचल्यावर जेवणाच्या पंगतीत बसण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या चालू पाण्याच्या बाटल्या उलट्या करून दाखवायच्या असतात. जिच्यातून पाणी पडेल, त्याला आधी ते पिऊन टाकावे लागते. मागच्या खेपेस त्या बाटल्या तपासण्याचे काम तेव्हाच्या आठवीतील त्याच मुलाकडे होते. तो दहावीत गेला होता. सगळ्यांच्या पाहून झाल्यावर त्याने आमच्यातील एका शिक्षकांसमोर हात पुढे केला. त्यांच्या बाटलीत पाव लिटर उरले होते. पंगत थांबली, सरांनी ते उभ्या उभ्या पिऊन टाकले, आणि मग पाने वाढली गेली.